गिटार स्वस्त घ्या, जवारीचे पैसे बाजूला ठेवा

“काका, इथून टीएमटीची बस जाईल.”

बोलणारा मुलगा माझ्यापेक्षा सहज वीस वर्षांनी लहान. ठाण्यात, नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत, पोटमाळ्यावर त्याचं टेबल. माझी गिटार त्याने आडवी घातली होती. सगळ्यात जाड तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, मध्ये दाबून धरली आणि मोबाइलचा टॉर्च पहिल्या फ्रेटवर मारला. तार आणि फ्रेट यांच्यात चष्मा न लावताही दिसेल अशी फट होती. “इथे केस जाईल न जाईल, एवढंच पाहिजे,” तो म्हणाला आणि डब्यातून कानकोरण्याएवढी बारीक कानस काढून कामाला लागला.

त्याआधीचे सात महिने मी त्याच गिटारवर एफ कॉर्डशी झटत होतो. पहिल्या फ्रेटवर तर्जनी आडवी टाकायची, सहाही तारा दाबायच्या, आणि यायचा काय तर ठक्क असा आवाज. घरी मी जाहीर करून टाकलं होतं की चव्वेचाळिसाव्या वर्षी बोटं वळत नाहीत, हे लहानपणीच करायला हवं होतं. कानस चालवून झाल्यावर त्याने गिटार माझ्या हातात दिली. सहापैकी पाच तारा वाजल्या. बोटं तीच होती.

हा लेख त्या कानशीबद्दल आहे. पहिली इलेक्ट्रिक गिटार कोणत्या कंपनीची घ्यावी, यावर लोक तासन्‌तास बोलतात. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

आमच्या आजीचा मिरजेचा तंबोरा होता. तंबोरा आणला आणि थेट गायला बसलं, असं त्या पिढीत कोणी करत नसे. जवारी काढून घ्यावी लागते, हे घरातल्या न गाणाऱ्यालाही माहीत असायचं. घोडीचा पृष्ठभाग किंचित घासून तार तिथे अशी टेकवायची की ती नुसती वाजत नाही, गुंजते. वाद्य बनवणं वेगळं आणि ते बोलतं करणं वेगळं. गिटारच्या बाबतीत हे आपण साफ विसरतो. खोक्यातून निघाली म्हणजे तयारच असणार, असं धरून चालतो. खरं तर गिटारलाही तेच लागतं, फक्त उलट्या दिशेने. तंबोऱ्यात तार घोडीला चाटून गेलेली हवी असते, गिटारमध्ये ती मधल्या कुठल्याही फ्रेटला चाटता कामा नये. या कामाला गिटारवाले ‘सेटअप’ म्हणतात. तासाभराचं काम असतं. मी त्याचे बाराशे रुपये दिले.

स्वस्त आणि महाग गिटारमधला फरक बराचसा या एका तासात दडलेला आहे. पूर्वी स्वस्त गिटार म्हणजे वाकडी मान आणि सुरात न बसणारे फ्रेट, असंच असायचं. आता लाकूड संगणकावर चालणारं सीएनसी यंत्र कापतं, आणि दहा हजारांची मान असो की लाखाची, यंत्राला फरक पडत नाही. मान सरळ निघते, फ्रेटच्या खाचा योग्य अंतरावर पडतात. यंत्राला जे स्वस्तात जमत नाही ते शेवटचं हातकाम: प्रत्येक फ्रेट शेजाऱ्याच्या उंचीला आणणं, त्याची टोकं गोल करणं, डोक्याजवळच्या ‘नट’ या पट्टीच्या खाचा एकेक करून खोल करणं. त्यासाठी कारागीर लागतो, वेळ लागतो, आणि वेळ वाचवूनच किंमत खाली येते. तेव्हा स्वस्त गिटार म्हणजे बहुतेक वेळा वाईट गिटार नसते, अर्धवट सोडलेली गिटार असते. उरलेलं अर्धं ठाण्यात करून घेता येतं.

‘आधी साधी गिटार शिका’ हा सल्ला

हा सल्ला तुम्हाला मिळेलच. सासरे देतील, ऑफिसमधला कोणीतरी देईल. मला तो पटत नाही. साध्या, म्हणजे पोकळ अकूस्टिक गिटारला सर्वसाधारणपणे बारा नंबरच्या तारा असतात. हा नंबर म्हणजे सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजारांश भागात. इलेक्ट्रिकला नऊ किंवा दहाच्या तारा लागतात. बारीक तार कमी ताणात त्याच सुराला येते, त्यामुळे बोटाला कमी कापते. इलेक्ट्रिकची मानही सडसडीत असते. नऊच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ३८ किलो भरतो, म्हणजे मानेवर सतत पाऊण गोणी सिमेंट लटकल्यासारखं. बाराच्या तारांचा ताण याच्या जवळजवळ दुप्पट असतो. ज्याला दिवसातून वीस मिनिटं मिळणार आहेत, तीही रात्री साडेदहाला, त्याने ती बोटं सोलण्यात का घालवावीत?

दुसरं कारण साडेदहाच. इलेक्ट्रिक गिटार अ‍ॅम्पला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्राला, न जोडता वाजवली तर शेजारच्या खोलीतही धड ऐकू जात नाही. दहावीचा अभ्यास करणारी मुलगी एका भिंतीपलीकडे असेल, तर या गुणाची किंमत कळते.

आवाज येतो कुठून

सायकलचा डायनॅमो आठवतोय? चाकाला घासून फिरणारी बाटली, आत चुंबक, भोवती तारेचं वेटोळं, आणि दिवा लागतो. गिटारचा पिकअप हाच खेळ खेळतो, फक्त चाकाच्या जागी तार आहे. पिकअपमध्ये चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरून जाणारी पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात इवलासा वीजप्रवाह येतो. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व. ही वीज एवढी क्षीण असते की अ‍ॅम्पने ती वाढवल्याशिवाय उपयोग नाही. नायलॉनच्या तारा लावल्या तर पिकअप मुका राहतो, कारण चुंबकाला नायलॉनचं काही देणंघेणं नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, पोकळ पेटी आवाज वाढवायला लागत नाही, म्हणून गिटार भरीव असते. लाकडावरून हमरीतुमरीवर येणारे लोक भेटतील. पहिल्या, स्वस्त गिटारसाठी तो वाद बाजूला ठेवा. पॉपलर असो की बासवूड, तुमच्या कानाला पहिली दोन वर्षं तरी फरक लागणार नाही. माझ्या तर अजून लागत नाही. दोन, पिकअप ही एक प्रकारची अँटेना आहे. घरातल्या ५० हर्ट्‌झच्या विजेची गुणगुण ती इमानेइतबारे पकडते. पंख्याचा रेग्युलेटर, जुनी ट्यूबलाइट, मोबाइलचा चार्जर, सगळ्यांचं ऐकते. त्यावर गिब्सन कंपनीत सेथ लव्हर या अभियंत्याने १९५५ मध्ये तोडगा काढला. दोन वेटोळी शेजारी ठेवायची, उलटसुलट गुंडाळून, आणि चुंबकही उलटसुलट. बाहेरची गुणगुण दोन्हींत येते पण एकमेकींना खोडून टाकते. तारेचा आवाज मात्र चुंबकामुळे दोन्हींत जुळून येतो. हा हमबकर. एकाच वेटोळ्याचा तो सिंगल कॉइल. पहिल्याचा आवाज जाड, दुसऱ्याचा खणखणीत.

दुकानात ‘एचएसएस’, ‘एसएसएस’, ‘एचएच’ असं ऐकाल, ते एवढंच आहे: कोणते पिकअप किती. आपल्याला नक्की काय वाजवायचंय हे ठरलेलं नसेल, तर ब्रिजपाशी, म्हणजे अंगावर तारा टेकतात त्या घोडीपाशी, एक हमबकर आणि बाकी दोन सिंगल, म्हणजे एचएसएस घ्या. जुनी हिंदी गाणी, ब्लूज, थोडा धांगडधिंगा, सगळ्यात निभावतं.

आकारांची वंशावळ थोडक्यात. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची, गिब्सनची लेस पॉल १९५२ ची, आणि आज दुकानात टांगलेल्या स्वस्त गिटारपैकी बऱ्याचशा या दोघींच्या पोरीबाळी. फेंडरचा स्वतःचा स्वस्त ब्रँड स्क्वायर, गिब्सनचा एपिफोन. यामाहाची पॅसिफिका, आयबनेझची जिओ मालिका, कोरियन कंपनी कॉर्ट, ही आणखी काही ओळखीची, भरवशाची नावं. कॉर्टच्या इंडोनेशियातल्या कारखान्यात पीआरएस या नावाजलेल्या अमेरिकन कंपनीची एसई मालिकाही बनते, त्यामुळे ‘स्वस्त कंपनी’ म्हणून नाक मुरडू नका. याहून स्वस्त भारतीय ब्रँडही आहेत. त्यांतली एखादी गिटार चांगली निघते, एखादी नाही. अशी गिटार घ्यायची असेल तर हातात घेऊन, तपासून घ्या, आणि कशी तपासायची ते पुढे येतंच आहे.

लेस पॉलच्या जातीबद्दल ठाणेकरांना एक वेगळी सूचना. तिचं डोकं मागे झुकलेलं असतं आणि त्या कोनाशी लाकूड कमजोर असतं. गिटार पाठीवर पडली की नेमकी तिथे मोडते. स्ट्रॅटचं डोकं मानेच्या सरळ रेषेत असतं. क्लासला जाताना संध्याकाळी सहाच्या लोकलमध्ये पातळ गिग बॅगमधून गिटार नेणार असाल, तर हा मुद्दा पिकअपपेक्षा मोठा आहे.

ब्रिजबद्दलही एक ठाम मत देतो. स्थिर ब्रिज घ्या. ब्रिज हलवून सूर वरखाली करणारा दांडा दिसायला छान असतो, पण एक तार ढिली केली की बाकीच्या पाच चढतात, हा छळ नवशिक्याला नको. स्ट्रॅटच्या पद्धतीचा दांडा असलेली गिटार आवडलीच, तर दुरुस्तीवाल्याकडून मागच्या स्प्रिंगा घट्ट करून ब्रिज अंगावर टेकवून घ्या. ‘फ्लॉइड रोझ’ हे हलत्या ब्रिजच्या एका जातीचं नाव ऐकलं तर मात्र हात जोडा आणि पुढच्या गिटारकडे वळा. तिथे तारा बदलणं म्हणजे एका रविवारची दुपार.

न वाजवता येणाऱ्याने गिटार कशी तपासायची

खरी अडचण ही आहे. दुकानात गेल्यावर पोरगा गिटार काढतो, अ‍ॅम्पला लावतो आणि स्वतःच अशी काही वाजवतो की आपण गार होतो. “बघा सर, कसली स्मूथ आहे.” अहो, तुमचे हात स्मूथ आहेत. त्याच्या हातात रिक्षाचं हँडल दिलं तरी त्यातून सूर निघतील. आपल्याला एक कॉर्डही येत नाही, मागे कॉलेजची मुलं उभी, आणि आपण ‘चांगली वाटतेय’ म्हणून पैसे देऊन बाहेर पडतो. मी याला इतका घाबरलो होतो की दुकानात न जाता फोटो बघून घरीच मागवली. पुढचं वर सांगितलंच आहे.

आता मित्रांबरोबर गिटार बघायला जातो तेव्हा तीन वस्तू बरोबर असतात: फोनमध्ये ट्यूनरचं फुकट अ‍ॅप, एक व्हिजिटिंग कार्ड, आणि मुलीच्या कंपासपेटीतली स्टीलची पट्टी. धोबीतलावला फुर्टाडोजसारखं १८६५ पासूनचं दुकान असो नाहीतर कोपऱ्यावरचं छोटं, तपासणी तीच.

आधी गिटार बंदुकीसारखी धरून मानेवरून एका डोळ्याने बघा, सुतार फळी बघतो तशी. मानेला पुढच्या बाजूला अगदी किंचित बाक असतो, तो असावाच लागतो, कारण तार मध्यावर जास्त झुलते आणि तिला जागा हवी. पीळ मात्र नको. एक कड वर आणि दुसरी खाली जाताना दिसली, तर ती गिटार परत टांगा. बाक मोजायचा तर जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने, शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबा. आता ती तार म्हणजे तुमची सरळ ओळंब्याची दोरी. सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट हवी. तिसरा हात नसतोच, म्हणून मित्र न्यायचा. फट जास्त असेल तर घाबरू नका. मानेच्या आत ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते. ती अ‍ॅलन कीने पाव आटा कसली की मान सरळ होते. हे सेटअपमध्येच येतं. ती सळई अडकलेली किंवा आटे गेलेली असेल, तर तो मोठा दोष. दुकानदाराला किल्ली लावून हलकेच फिरवून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर त्यातूनही काय ते कळतं.

मग तळहात मानेच्या कडेवरून वरखाली फिरवा. फ्रेटची टोकं टोचतात का? एसीत महिनोन्‌महिने टांगलेल्या गिटारचं लाकूड सुकून आकसतं, धातू आकसत नाही, आणि टोकं बाहेर डोकावतात. कानशीने जातं, पण किंमत कमी करून मागायला उपयोगी.

बाराव्या फ्रेटपाशी पट्टी उभी धरा. फ्रेटच्या डोक्यापासून तारेच्या तळापर्यंत जाड बाजूला साधारण दोन मिलिमीटर, बारीक बाजूला दीड. याला अ‍ॅक्शन म्हणतात. जास्त असेल तर ब्रिजवरचे स्क्रू फिरवून खाली येते. पण स्क्रू पूर्ण खाली येऊनही तारा उंचच राहत असतील, तर मान अंगाला चुकीच्या कोनात बसली आहे. नको.

आता कंटाळवाणं काम. सहाही तारा, प्रत्येक फ्रेट, एकेक करून दाबून एकदा छेडा. एकवीस फ्रेटची गिटार असेल तर १२६ सूर. पाच-सात मिनिटं लागतात. दुकानातले लोक बघतील. बघू द्यात, पैसे तुमचे आहेत. आपण संगीत वाजवत नाही आहोत, भाजीवाल्याकडे नारळ वाजवून बघतो तसं बघतोय. एखाद्या जागी सूर मरतो का, खरखरतो का, किंवा दाबलेल्या फ्रेटऐवजी पुढच्याचाच सूर येतो का, एवढंच ऐका. सगळीकडे थोडी खरखर असेल तर सेटअपने जाते. एकाच जागी असेल तर बहुधा त्याच्या पुढचा फ्रेट उचलला गेलाय. तोही ठोकून बसवता येतो, पण दुकानात दुसरी गिटार असताना ही का घ्या?

बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, तिथे वरच्या सप्तकातला तोच सूर मिळायला हवा. ट्यूनर लावून मोकळी तार सुरात आणा, मग बाराव्यावर दाबून बघा. काटा मध्यापासून थोडा सरकला तर ब्रिजवरची त्या तारेची छोटी घोडी मागेपुढे करून जुळतं. दाबलेला सूर चढा असेल तर घोडी मागे, म्हणजे तार लांब. उतरा असेल तर पुढे.

आणि शेवटी नट. डोक्याजवळची पांढरी पट्टी, जिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. ती टॉर्चची, टीएमटीची परीक्षा करा. स्वस्त गिटारमध्ये नटच्या खाचा जवळजवळ नेहमी उथळ सोडलेल्या असतात, आणि कारण साधं आहे: खाच उथळ राहिली तर गिटार वाजवायला जड जाते, पण खरखरत नाही आणि परतही येत नाही. खाच जास्त खोल गेली तर नटच बदलावा लागतो. कारखाना धोका कशाला पत्करेल? तो धोका मग आपल्या बोटांवर येतो. शिवाय उंच नटमुळे पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर तार जास्त ओढली जाते आणि सूर चढा लागतो. म्हणजे गिटार ट्यून केलेली, बोटं योग्य जागी, तरी कॉर्ड बेसूर. नवशिका बिचारा स्वतःच्या कानाला दोष देतो.

जोडणी करून बघताना वाजवायची गरज नाही. स्विचच्या प्रत्येक जागी आवाज येतो का, बटणं फिरवताना खरखर होते का, जॅकमध्ये वायर हलवली की आवाज तुटतो का, बस. तार ओढून सोडल्यावर सूर उतरत असेल तर खुंट्यांना लगेच दोष देऊ नका. बरेचदा तार नटच्या खाचेत अडकलेली असते. शिसपेन्सिलीचं टोक खाचेत घासलं की सुटते.

अ‍ॅम्प, कान आणि तीन पिनांचा प्लग

अ‍ॅम्पच्या वॉटला भुलू नका. दहा वॉटचा अ‍ॅम्प टू बीएचकेसाठी खूप झाला. शंभर वॉटचा त्याच्या दहापट नाही, फक्त सुमारे दुप्पट मोठा ऐकू येतो, आपले कान तसेच बनलेत. ‘स्टार्टर पॅक’मध्ये गिटारबरोबर येणारा छोटा अ‍ॅम्प बहुतेक वेळा डब्यातून बोलल्यासारखा असतो. त्यापेक्षा हेडफोनचा छोटा अ‍ॅम्प, किंवा कॉम्प्युटर अथवा फोनला गिटार जोडणारा इंटरफेस घ्या. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डझनभर अ‍ॅम्पचे आवाज असतात. घरातल्या होम थिएटरच्या मागच्या भोकात गिटार खुपसू नका. ती जागा गिटारच्या क्षीण सिग्नलसाठी बनवलेली नसते, आणि आवाज पातळ, मेलेला येतो.

हेडफोन मात्र वायरचा. ब्लूटूथमधून आवाज यायला सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा उशीर होतो. गाणं ऐकताना हे कळत नाही. वाजवताना कळतं. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. त्या हिशेबाने ०.१५ सेकंदाचा उशीर म्हणजे अ‍ॅम्प तुमच्यापासून पन्नास मीटरवर, लोकलच्या अडीच डब्यांपलीकडे ठेवल्यासारखं. ताल बसणं अशक्य.

अर्थिंगबद्दल मात्र मी जरा वेळ घेणार. गिटारच्या तारा ब्रिजमधून एका वायरने अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. म्हणूनच तारांना हात लावला की गुणगुण कमी होते. आपलं शरीर खोलीतली वीज पकडत असतं, तारेला हात लागताच ते अर्थ होतं. दुकानात ही परीक्षाच समजा: हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर आतली वायर जागेवर आहे. पण याचाच अर्थ असा की तुम्ही वाजवताना सतत घराच्या अर्थिंगला चिकटलेले असता. ते अर्थिंग खरोखर आहे का? जुन्या ठाण्यातल्या चाळीत, पागडीच्या घरात, सॉकेटला तीन भोकं असतात पण तिसऱ्याच्या मागे काहीच जोडलेलं नसतं, हे मी स्वतः पाहिलंय. तिसरी पिन काढून टाकून किंवा टू-पिन अडॅप्टर लावून अ‍ॅम्प चालवू नका. तारेला हात लागून जरा जरी झिणझिण्या आल्या, तर गिटार खाली ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. बॅटरीवर चालणारा हेडफोन अ‍ॅम्प घेतला तर हा प्रश्नच उरत नाही, हेही त्याच्या बाजूने एक मत.

पैशांचं गणित

माझ्याकडे आज वीस हजार असते, तर मी गिटारला तेरा-चौदा दिले असते. तीन-साडेतीन हेडफोन अ‍ॅम्प किंवा इंटरफेसला. बाराशे-पंधराशे सेटअपला, आणि हे पैसे मी वेगळ्या पाकिटात घालून ठेवले असते, कारण सगळ्यात आधी याच पैशांना पाय फुटतात. उरलेल्यात नऊच्या तारांचा जास्तीचा संच, पट्टा, एक बरी वायर, स्टँड. स्टँडला कंजुषी नको. गिटार बॅगेत घालून कपाटावर गेली की परत उतरत नाही. सोफ्याच्या बाजूला उभी असेल तर चहा उकळेपर्यंतही हातात येते. पट्टा बसून वाजवणाऱ्यालाही लागतो. गिटार तीन-चार किलोची असते आणि आपले खांदे दिवसभर लॅपटॉपपुढे वाकलेले असतात.

वापरलेली गिटार हा आणखी चांगला मार्ग. लॉकडाउनमध्ये किंवा नवीन वर्षाच्या उत्साहात घेतलेल्या, महिनाभर वाजवून बाजूला पडलेल्या गिटारी घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये आहेतच. प्लॅस्टिकचं आवरणही न काढलेली गिटार मी पाहिलीय. तारा गंजलेल्या असतील तर उत्तम, कोणी फार वाजवलेली नाही आणि भाव पाडता येतो. फ्रेटवर तारांच्या खोल खोबणी पडल्या असतील तर मात्र विचार करा. फ्रेट बदलण्याचा खर्च गिटारच्या किमतीला जाऊन भिडतो. पंधरा हजारांत ‘ओरिजिनल गिब्सन’ देणाऱ्याला नमस्कार करून परत या.

एक गंमत सांगतो. २०१७ च्या सुरुवातीला शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक कागदपत्रं आली. तयार वाद्यांना त्यातून २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली, पण तोवर कंपन्यांनी फ्रेटबोर्डसाठी दुसरी लाकडं शोधली होती. त्यातलं एक, ज्याला त्या ‘इंडियन लॉरेल’ म्हणतात आणि जे आज पुष्कळ स्वस्त गिटारवर असतं, ते म्हणजे आपला ऐन. येऊरच्या जंगलात मगरीच्या पाठीसारखी साल असलेला, तोच. गिटारच्या माहितीपत्रकात ते नाव वाचून मी भारावून गेलो होतो.

ऐन असो की शिसव, लाकूड पावसाळ्यात पाणी पितं. जूनमध्ये व्यवस्थित वाटणारी गिटार ऑगस्टमध्ये खरखरायला लागते किंवा तारा उंच झाल्यासारख्या वाटतात, कारण मानेचा बाक बदललेला असतो. गिटार बिघडलेली नसते. बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीला ती टेकवून ठेवू नका. बॅगेत ठेवायचीच असेल तर बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. वाजवून झाल्यावर जुन्या बनियनच्या तुकड्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसा. आपल्या हवेत न पुसलेली तार तीन आठवड्यांत खरबरीत होते, आणि मग बोट सरकत नाही, म्हणून पुन्हा आपण बोटालाच नावं ठेवतो.

मी वर्षातून एकदा, ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की, पोटमाळ्यावर जातो. मागच्या खेपेला त्याने व्हिजिटिंग कार्ड मागितलं, सातव्या फ्रेटपाशी तारेखाली घातलं, किल्लीने ट्रस रॉडला पाव आट्याहून कमी पीळ दिला आणि गिटार परत केली. पैसे घेतले नाहीत. मी निघताना म्हणाला, “काका, एफ वाजवून दाखवा.” मी वाजवला. दुसरी तार मुकी राहिली. त्याने टॉर्च मारून बघितलं, म्हणाला, “फट ठीक आहे. आता ते तुमचं आहे.”